खिंडीतले गणित : मातीच्या मावळ्यांचा युद्धखेळ

दिवाळी जवळ आली, की इंदापूर तालुक्यातील शेळगावात काय किंवा पुण्याच्या पेठांत काय, अंगणाच्या कोपऱ्यात दगड, विटा आणि गोणपाट गोळा होऊ लागतात. चार-दोन दिवसांत किल्ला उभा राहतो. त्याच्या उतारावर हळीव-मोहरीचे हिरवेगार रान उगवते. सिंहासनावर महाराज बसतात आणि बुरुजांवर मावळे पहारा देऊ लागतात. पुढे काय होते? काहीच नाही! आठ-दहा दिवस मावळे जागच्या जागी उभे राहतात आणि मग पुन्हा पत्र्याच्या डब्यात जाऊन बसतात.

या मावळ्यांना हलवता आले तर? तेही मनाला येईल तसे नव्हे, तर नियमांनी. कोण किती पुढे सरकेल, कोण पडेल आणि कोण टिकेल, हे सारे मोजपट्टी व फासे यांच्या साहाय्याने ठरवता आले तर तुमचा किल्ला ही नुसती शोभेची वस्तू राहणार नाही. ती एक प्रयोगशाळा होईल. अशा खेळाला युद्धखेळ म्हणतात. या लेखात आपण असा एक खेळ तयार करू आणि तो शाळेच्या प्रदर्शनात पाहुण्यांकडून कसा खेळवून घ्यायचा, तेही पाहू.

सेनापतींचे खेळणे

पटावर सैन्य मांडण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्याकडच्या प्राचीन चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सैन्याची चार अंगे होती. त्याच खेळातून पुढे बुद्धिबळ घडले. पण बुद्धिबळात डोंगर नाही, नदी नाही, पाऊसही नाही. प्यादे वजिराला मारायला गेले तर ते हमखास मारते. खऱ्या रणांगणावर असे काहीच हमखास नसते.

ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनीच्या एका भागात झाला. राइसविट्झ नावाच्या गृहस्थांनी १८१२ साली तेथील राजाला एक टेबल सादर केले. त्यावर टेकड्या, नद्या आणि रस्ते असलेले तुकडे हवे तसे जुळवता येत. त्यांच्या मुलाने, जो सैन्यात अधिकारी होता, १८२४ साली हा खेळ सुधारून प्रसिद्ध केला. त्याने टेबलाऐवजी १ : ८००० प्रमाणाचा नकाशा घेतला. प्रत्येक चाल ही दोन मिनिटांच्या काळाएवढी धरली. गोळीबाराचा परिणाम फाशांनी ठरू लागला आणि दोन्ही पक्षांवर एक पंच नेमला गेला. प्रशियाच्या सैन्यात हा खेळ शिक्षणाचे साधन म्हणून वापरात आला.

पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या विज्ञानकथाकाराने खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले आणि हा खेळ घराघरांत नेला. १९६८ साली अमेरिकेतील लेक जिनिव्हा या गावी युद्धखेळ खेळणाऱ्यांचा एक मेळावा भरला. त्याचे नाव जेन कॉन. आज असे मेळावे अनेक देशांत भरतात. तेथे कोणी एक हौशी माणूस टेबल, टेकड्या, सैनिक आणि नियम घेऊन येतो. वाटेने जाणारे अनोळखी लोक टेबलाभोवती बसतात आणि दोन-तीन तास एखादी ऐतिहासिक लढाई खेळून उठतात. आपल्यालाही नेमके तेच करायचे आहे.

कोणती लढाई घ्यावी?

आपण पावनखिंड घेऊ. मार्च १६६० पासून सिद्दी जौहरने पन्हाळगडाला वेढा घातला होता. १२ जुलैच्या पावसाळी रात्री शिवाजी महाराज निवडक मावळ्यांसह वेढ्यातून निसटले आणि सुमारे ६० किलोमीटर दूर असलेल्या विशाळगडाकडे निघाले. शत्रू पाठलागावर आला. तेव्हा वाटेतील घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे थोड्या मावळ्यांनिशी थांबले. महाराज गडावर पोचल्याच्या तोफा ऐकू येईपर्यंत खिंड लढवायची, एवढेच त्यांचे काम होते. ते काम त्यांनी प्राण देऊन पुरे केले. परंपरेने या मावळ्यांची संख्या ३०० सांगतात.

आता प्रश्न असा, की थोडी माणसे पुष्कळांना काही तास अडवू कशी शकली? शौर्य तर होतेच. पण शौर्याच्या जोडीला भूगोल आणि गणितही होते. ते गणित आपला खेळ दाखवील.

दोन प्रमाणे

बाजारातला मातीचा मावळा साधारण साडेपाच सेंटिमीटर उंच असतो. माणसाची उंची १६५ सेंटिमीटर धरली, तर मावळ्याचे प्रमाण १ : ३० झाले. याच प्रमाणात पन्हाळा ते विशाळगड ही वाट मांडायची म्हटली तर? ६० किलोमीटर भागिले ३०, म्हणजे २ किलोमीटर लांबीचे टेबल लागेल! म्हणून युद्धखेळात नेहमी दोन प्रमाणे असतात, एक सैनिकांचे आणि एक जमिनीचे. वाटेसाठी १ : ५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, तेव्हा सगळी वाट १२० सेंटिमीटरमध्ये बसते. तो नकाशा भिंतीवर टांगा आणि टेबलावर फक्त खिंड बनवा.

खिंडीसाठी विटांच्या दोन उतरंडी रचून त्यांवर ओले गोणपाट टाका आणि माती लिंपा. इंदापूर भागातल्या काळ्या मातीने लिंपलेत तर एक अडचण येईल. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात शेतात पडलेल्या भेगा तुम्ही पाहिल्याच असतील. तीत वाळू व थोडा भुसा मिसळा, किंवा मुरमाड तांबडी माती वापरा. दोन उतरंडींमधली वाट एका वेळी चार मावळे शेजारी शेजारी उभे राहतील एवढीच रुंद ठेवा.

आता संख्या. एक मावळा म्हणजे २५ माणसे असे धरा. ३०० माणसांसाठी १२ मावळे पुरतील. पाठलाग करणाऱ्यांची नेमकी संख्या आपण ठरवू शकत नाही. म्हणून त्यांच्या पहिल्या लाटेसाठी दुप्पट, म्हणजे २४ सैनिक घेऊ. एक फेरी म्हणजे २० मिनिटे. १५ फेऱ्या झाल्या की विशाळगडावर तोफ उडेल. म्हणजे खिंड ५ तास लढवायची. हे आकडे आपल्या सोयीचे आहेत, इतिहासाने दिलेले नाहीत, हे मात्र विसरू नका.

फाशांची भाषा

नियम अगदी थोडे आहेत. प्रत्येक फेरीत दोन्ही पक्षांची फक्त पुढची रांग लढते. रांगेतल्या प्रत्येक सैनिकामागे एक फासा टाकायचा. हल्लेखोराला ६ पडले तर एक मावळा पडला. मावळे उंचावर आणि आडोशाला आहेत. म्हणून त्यांना ५ किंवा ६ पडले तरी एक हल्लेखोर पडला. दोन्ही पक्षांनी फासे एकदमच टाकायचे. पडलेल्याच्या जागी मागचा पुढे येतो.

फाशाला सहा बाजू. तेव्हा ६ पडण्याची संभाव्यता १/६. चार हल्लेखोर चार फासे टाकतात, म्हणजे फेरीला सरासरी ४/६, अर्थात २/३ मावळा पडतो. बारा मावळे पडायला सरासरी १८ फेऱ्या लागतील. तोफ पंधराव्या फेरीला उडणार आहे. म्हणजे मावळे बहुधा टिकतील, पण खात्री नाही. हिशेब करून पाहिला, तर दहा खेळांपैकी सुमारे सात खेळांत ते तोफ ऐकतील आणि तीन खेळांत ऐकणार नाहीत. खेळ रंगायला एवढी अनिश्चितता पुरेशी आहे.

आता उतरंडी बाजूला सारा आणि तीच लढाई उघड्या माळावर खेळा. येथे सगळेच एकदम लढू शकतात आणि उंचीचा फायदा कोणालाच नाही. पहिल्याच फेरीत हल्लेखोर २४ फासे टाकतील आणि सरासरी ४ मावळे पडतील. मावळे १२ फासे टाकतील आणि २ हल्लेखोर पडतील. दुसऱ्या फेरीत २२ विरुद्ध ८ उरले. जसजसे मावळे कमी होतील, तसतसे त्यांचे फासेही कमी होतील. तीन-चार फेऱ्यांत बाराही मावळे संपतील आणि शत्रूचे २४ पैकी सुमारे २० उभे राहतील.

खिंडीत १८ फेऱ्या, माळावर तीन किंवा चार! माणसे तीच. बदलली फक्त जमीन आणि तिने दिलेला उंचीचा आधार.

एका अभियंत्याचा नियम

मोटारी आणि विमाने यांचा अभ्यास करणारे इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात हीच गोष्ट समीकरणांत मांडली. १९१६ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. जेथे प्रत्येकाला प्रत्येकावर मारा करता येतो, तेथे सैन्याचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. संख्या दुप्पट तर बळ चौपट. पण जेथे एकास एक असेच लढावे लागते, तेथे बळ केवळ संख्येच्या प्रमाणात वाढते. संख्या दुप्पट तर बळही दुप्पटच.

याचा अर्थ नीट पाहा. माळावर दुपटीने मोठ्या शत्रूशी बरोबरी करायची, तर प्रत्येक मावळ्याला चौघांएवढे लढावे लागेल. खिंडीत दोघांएवढे लढले तरी पुरे. आपल्या नियमांत मावळा ५ आणि ६ अशा दोन आकड्यांवर मारतो, शत्रू एकाच आकड्यावर. म्हणजे तो दोघांएवढा लढतो. म्हणूनच १२ मावळे आणि २४ हल्लेखोर यांचा सामना खिंडीत तोडीस तोड होतो. बाजीप्रभूंपुढे हे समीकरण नव्हते. पण जागा कोठे धरावी, हे त्यांनी अचूक जाणले होते.

अनोळखी माणसांना खेळवताना

हा खेळ शाळेच्या प्रदर्शनात मांडायचा असेल, तर काही गोष्टी आधीच पाहून ठेवा. टेबलाची रुंदी १२० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर सदऱ्याच्या बाहीने निम्मे सैन्य आडवे होईल. सगळे नियम एका कागदावर, मोठ्या अक्षरांत बसले पाहिजेत. पाहुणा पाच मिनिटांत खेळू लागला नाही, तर तो पुढच्या टेबलाकडे जाईल. एका फेरीला तीन मिनिटे धरली, तर १५ फेऱ्या पाऊण तासात होतात. प्रत्येक खेळाडूला काहीतरी काम द्या. एकाने फासे टाकावेत, एकाने पडलेले सैनिक उचलावेत आणि एकाने भिंतीवरच्या नकाशावर महाराजांची टाचणी पुढे सरकवावी. प्रदर्शनाआधी मित्रांबरोबर दोन-तीनदा खेळून पाहा. नियमातली चूक पाहुण्यांसमोर सापडण्यापेक्षा घरी सापडलेली बरी.

सर्वांत अवघड काम पंचाचे. मावळे हरू लागले, की जमलेल्या मुलांना राहवणार नाही. कोणीतरी म्हणेल, "हा फासा धरू नकोस, पुन्हा टाक." पंचाने तसे होऊ देता कामा नये. फासा खोटा टाकला, तर खेळातून कळण्यासारखे काहीच उरत नाही. उलट दहापैकी तीन वेळा खिंड पडू शकते, हे डोळ्यांनी पाहिले म्हणजे त्या दिवशी केवढा धोका पत्करला गेला होता, ते कळते. इतिहासाचा शेवट आपल्याला ठाऊक आहे. खिंडीत उभ्या राहिलेल्यांना तो ठाऊक नव्हता.

तुम्ही करून पाहा

खिंडीची रुंदी चारऐवजी दोन मावळ्यांची करा. मावळे किती फेऱ्या टिकतील? (सरासरी ३६. का, ते सांगा.) खिंडीत येईपर्यंत मावळे रात्रभर चिखलातून धावले होते. तेव्हा दहाव्या फेरीनंतर हल्लेखोराला ५ पडले तरी मावळा पडतो, असा नियम करा आणि काय फरक होतो ते वहीत नोंदवा. प्रत्येक बदलानंतर निदान वीस खेळ खेळा. एकाच खेळावरून काढलेला निष्कर्ष फसवा असतो.

आणि शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोणतेही प्रारूप काही गोष्टी दाखवते आणि काही गाळते. आपल्या खेळाने रुंदी, उंची आणि संख्या दाखवली. भीती, तहान, जखमा आणि निष्ठा यांना त्यात फासा नाही. पडलेला प्रत्येक मावळा म्हणजे २५ माणसे, हे प्रमाण आपणच ठरवले होते. खेळ संपला की मातीचे मावळे झटकून पुन्हा उभे करता येतात. खिंडीतले उठले नाहीत. मावळे डब्यात ठेवताना ते प्रमाण एकदा मनात आणा.