हेड गॅस्केटची जाडी आणि संपीडनाचा हिशेब

अंतर्ज्वलन एंजिनाचा ब्लॉक आणि त्याचे हेड यांच्या सांध्यात बसून वायू, पाणी आणि तेल या तिघांनाही आपापल्या मार्गात ठेवणारे हेड गॅस्केट दिसायला किरकोळ असले, तरी त्याच्याविषयीच्या समजुती किरकोळ नाहीत. आणि त्या इतक्या रूढ झाल्या आहेत, की ‘जाड पॅकिंग घाला, कॉम्प्रेशन उतरेल’ किंवा ‘पातळ घाला, गाडी पळेल’ असा निवाडा मोजमापाचा कोणताही दाखला न मागता दिला जातो. त्यांपैकी प्रमुख समजुतींची ही छाननी.

गैरसमज १ : जाड गॅस्केटने एंजिनाचे ‘सीसी’ बदलतात.

वस्तुस्थिती : ‘सीसी’ ठरतात ते बोअर आणि स्ट्रोक यांवरून, आणि स्ट्रोक क्रँकशाफ्टने कायमचा नेमून दिलेला असल्यामुळे त्यात गॅस्केटला दखल नाही. गॅस्केटचा अंमल चालतो तो पिस्टन सर्वोच्च बिंदूस पोहोचल्यावर त्याच्या माथ्यावर उरणाऱ्या जागेत. हेडमधील ज्वलनकक्ष, पिस्टनच्या माथ्यावरील खळगा, पिस्टन व ब्लॉकचा पृष्ठभाग यांमधील फट आणि गॅस्केटच्या भोकाने व्यापलेली जागा यांची बेरीज म्हणजे ही शिल्लक होय. पिस्टनने आक्रमिलेल्या आकारमानात ती मिळवून आलेल्या रकमेस त्याच शिल्लकीने भागले, म्हणजे संपीडन गुणोत्तर हाती येते.

गैरसमज २ : अर्ध्या मिलिमीटरचा परिणाम सर्व एंजिनांवर सारखाच होतो.

वस्तुस्थिती : ८६ मिलिमीटर बोअर आणि तेवढाच स्ट्रोक असलेल्या सिलिंडरचे आकारमान सुमारे ५०० घन सेंटिमीटर भरते. संपीडन गुणोत्तर १० असेल, तर वर उरणारी जागा सुमारे ५५.५ घन सेंटिमीटर असते. ८७ मिलिमीटर भोकाचे गॅस्केट ०.७ ऐवजी १.२ मिलिमीटर जाडीचे घातल्यास त्या जागेत सुमारे ३ घन सेंटिमीटरची भर पडते आणि गुणोत्तर ९.५ च्या आसपास येते. आता याच मापाच्या, परंतु १८ गुणोत्तराच्या डिझेल सिलिंडरात मुळातली शिल्लकच जेमतेम २९ घन सेंटिमीटर असल्यामुळे तीच भर गुणोत्तराला थेट १६.४ पर्यंत खाली खेचते. सावकाराच्या तिजोरीतून गेलेले शंभर रुपये आणि मजुराच्या कनवटीचे शंभर रुपये यांत जो फरक, तोच येथे आहे. पेट्रोल एंजिनात एवढ्या घटीने आदर्श ओटो चक्राची कार्यक्षमता ६०.२ वरून ५९.४ टक्क्यांवर येते, म्हणजे गाडीचे बळ खचले असे मुळीच होत नाही. डिझेलला मात्र कोंडलेल्या हवेच्या उष्णतेवरच इंधन पेटवावयाचे असल्याने थंडीच्या सकाळी ही घट तात्काळ जाणवते.

गैरसमज ३ : गॅस्केटचे भोकही बोअरच्या तंतोतंत मापाचे हवे, नाहीतर संपीडन जाते.

वस्तुस्थिती : वरच्याच पेट्रोल सिलिंडरात ०.७ मिलिमीटर जाडीच्या गॅस्केटचे भोक ८७ वरून ८८ मिलिमीटर केले, तर भर पडते अवघ्या ०.१ घन सेंटिमीटरची आणि गुणोत्तर १० चे ९.९८ होते. उलट भोक बोअरपेक्षा किंचित मोठे असणेच इष्ट. कारण ज्वलनकक्षात डोकावणारी धातूची कड तापून लाल झाली, की ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटण्याचा धोका उद्भवतो.

गैरसमज ४ : जाड गॅस्केट हा नॉकिंगवरचा हमखास उपाय आहे.

वस्तुस्थिती : पिस्टनचा सपाट काठ हेडच्या सपाट भागाच्या अगदी निकट येतो, तेव्हा तेथील मिश्रण जोराने मध्यभागी फेकले जाऊन खळबळ माजते आणि ज्योत त्वरेने पसरते, सर हॅरी रिकार्डो यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या तत्त्वावर ज्वलनकक्षांची रचना सिद्ध करून दाखविली होती. सुमारे १ मिलिमीटरची ही फट जाड गॅस्केटने वाढविली, तर गुणोत्तर उतरल्याचा लाभ आणि खळबळ मंदावल्याचा तोटा हे दोन्ही एकाच वेळी पदरात पडतात, आणि नॉकिंग अपेक्षेइतके कमी होईलच याचा जामीन कोणी राहू शकत नाही.

गैरसमज ५ : हेडला जेवढे प्लेन मारले, तेवढेच जाड गॅस्केट घातले की फिटंफाट.

वस्तुस्थिती : पेट्रोल एंजिनात हेडच्या पृष्ठभागावरील ज्वलनकक्षाचे तोंड पुष्कळदा बोअरपेक्षा लहान असते, म्हणून घासून गेलेले आकारमान आणि तेवढ्याच जाडीने वाढलेले आकारमान यांचा मेळ बसत नाही. ज्या डिझेल एंजिनांत हेड सपाट असून ज्वलनाचा खळगा पिस्टनमध्ये असतो, तेथे तर प्लेन मारल्याने संपीडन जवळजवळ वाढतच नाही, फक्त व्हॉल्व्ह पिस्टनच्या निकट येतात. त्यावर जाड गॅस्केट घातले, म्हणजे न वाढलेले संपीडन विनाकारण उतरते. अनेक निर्माते अशा हेडला प्लेन मारण्यास मनाई करतात, ती याचसाठी.

हिशेबात धरावयाची जाडी ही सुट्या गॅस्केटची नव्हे, तर बोल्ट नेमून दिलेल्या टॉर्कने आवळल्यानंतर दबून उरणारी असते, हेही ध्यानी ठेवले पाहिजे. पुष्कळ डिझेल गॅस्केटांच्या कडेला असणारी १, २ किंवा ३ भोके ही या जाडीचीच खूण असून पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतो हे डायल गेजने मोजून त्यांतून निवड करावयाचा शिरस्ता आहे. हे मोजमाप न करता जुन्या गॅस्केटची भोके मोजून तसेच नवे आणणे रास्त ठरते ते ब्लॉक, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना हात लागलेला नसेल तेव्हाच.