घास खाली उतरतो कसा?

‘डोके खाली आणि पाय वर करून पाणी पिता येईल का?’ हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. पुष्कळ मुले ‘नाही’ म्हणतील. अन्ननलिका म्हणजे एक नळ आणि घास त्यातून खाली पडतो, अशी आपली समजूत असते. पण मान खाली घालून ओढ्याचे पाणी पिणारी गाय आठवा. तिच्या घशातले पाणी वर चढते!

आपली अन्ननलिका सुमारे २५ सें.मी. लांब असते. घासाच्या मागचा तिचा भाग आवळतो, पुढचा सैलावतो, आणि ही लाट ८-१० सेकंदांत जठराशी पोहोचते. तेथे एरवी मिटलेला वर्तुळाकार स्नायू नेमक्या वेळी उघडतो.

ही हालचालच बिघडली तर? रुग्ण म्हणतो, ‘घास छातीत अडकतो.’ डॉक्टर विचारतात, ‘फक्त भाकरी अडकते की पाणीसुद्धा?’ आधी घट्ट अन्न आणि पुढे पातळही अडकू लागले, तर नळी अरुंद झाल्याची शंका येते. दोन्ही सुरुवातीपासूनच अडकत असतील, तर हालचालीतल्या दोषाची. तरीही प्रथम दुर्बिणीने तपासतात, कारण कर्करोग नाही याची खात्री हवी.

मात्र दुर्बिणीत काही दिसले नाही, म्हणून सारे ठीक आहे असे नव्हे. दुर्बीण नळीचे अस्तर दाखवते. लाटेचा जोर आणि क्रम मोजत नाही. त्यासाठी नाकातून एक बारीक नळी जठरापर्यंत सरकवतात. तिच्यावर साधारण दर सेंटीमीटरला एक दाबमापक असतो. रुग्णाला झोपवून ५ मि.लि. पाणी १० वेळा गिळायला लावतात. संगणकावर दाबाचा रंगीत नकाशा उमटतो. त्यात दोन गोष्टी पाहायच्या: खालचे दार उघडते का? आणि लाट शेवटपर्यंत जाते का?

दार नीट सैलावत नाही आणि लाटही नाहीशी झाली आहे, अशा विकाराला ॲकॅलेशिया म्हणतात. यात अन्ननलिकेच्या भिंतीतल्या, स्नायूला ‘सैल हो’ असे सांगणाऱ्या चेतापेशी नष्ट झालेल्या असतात. बेरियम पाजून क्ष-किरण चित्र घेतले, तर नळीचे खालचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते दिसते. अन्न घशाशी येते, छातीत जळजळते. म्हणून अशा रुग्णांना कधी कधी वर्षानुवर्षे आम्लपित्ताचीच औषधे दिली जातात. वजन मात्र घटत राहते.

निदान झाले, की फुग्याने ताणून किंवा स्नायूला छेद देऊन दार मोकळे करता येते. हरवलेली लाट बहुधा पूर्ववत होत नाही. त्यामुळे या रुग्णांनी ताठ बसून जेवायचे असते. त्यांचा घास मुख्यतः गुरुत्वाकर्षणाने, म्हणजे मुलांना वाटते तसाच, खाली उतरतो!