नावांचीही प्रतवारी करावी लागते

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना लागला होता, शाळा अजून सुरू व्हायची होती. आमच्याकडे दहावीपर्यंत शिकलेला एक मुलगा हातात जाडजूड रजिस्टर घेऊन भेटायला आला. शेंदुरजनाघाटच्या बाजूला त्याची आणि त्याच्या मोठ्या भावाची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. त्या हिवाळ्यात दोघा भावांनी हिंमत करून एका मोठ्या कृषी प्रदर्शनात स्टॉल लावला होता. स्टॉलचं भाडं, कलमं नेण्याचं गाडीभाडं, फ्लेक्स, पत्रकं, तीन दिवसांचं राहणं-खाणं मिळून खर्च पन्नास हजारांच्या वर गेला. त्यातले निम्मे पैसे धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले होते.

रजिस्टरात ४१२ नावं होती. मुलगा म्हणाला, "सर, नंबर बहुत मिले, गिऱ्हाईक एक भी नहीं आया."

आम्ही दोघा-तिघा शिक्षकांनी एका रविवारी त्याच्यासोबत बसून पहिले पन्नास नंबर लावले. १४ नंबर बंद किंवा चुकीचे निघाले. १९ नंबर शाळा-कॉलेजच्या पोरांचे होते. स्टॉलवर पिशवी फुकट मिळत होती म्हणून त्यांनी नाव लिहिलं होतं. नऊ जणांना असा कुठला स्टॉल पाहिल्याचं आठवतच नव्हतं. तिघांना अजून कलमं हवी होती. उरलेल्या पाच जणांनी दुसरीकडून घेऊन टाकली होती. त्यातला एक शेतकरी जे बोलला ते ऐकून मुलाचा चेहरा उतरला. "भाऊ, मी तं तुमच्या फोनची वाट पायत होतो. आठशे कलमा पायजे होत्या मले. तुमचा फोनच नाई आला, मंग घेतल्या दुसरीकून."

म्हणजे गिऱ्हाईक आलं होतं. रजिस्टरात त्याचं नावही होतं. पण ४११ नावांच्या गर्दीत ते कुठे आहे, हे ओळखायची सोय नव्हती.

आपल्या समाजातले अनेक नौजवान आता नोकरीची वाट न पाहता तिजारतीकडे वळत आहेत. कोणी रोपवाटिका चालवतो, कोणी ठिबकचं सामान विकतो, कोणी कॅरेट आणि खोके पुरवतो. प्रदर्शनात स्टॉल घ्यायची हिंमतही आली आहे. पण स्टॉलवर आलेल्या माणसाचं पुढे काय करायचं, हे कोणी शिकवत नाही. म्हणून हा लेख.

हजेरी म्हणजे निकाल नव्हे

आपल्या वऱ्हाडाला प्रदर्शनं नवी नाहीत. १९५९ साली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं, ते अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री असताना, त्यांच्याच पुढाकाराने. आज त्यांच्या नावाच्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठात २७ डिसेंबरला, त्यांच्या जयंतीच्या सुमारास, शेतकऱ्यांची गर्दी उसळते. नागपुरात २००९ पासून ॲग्रोव्हिजन भरतं. २०२४ पासून नागपुरातच 'ॲडव्हांटेज विदर्भ' हा उद्योगांचा मेळावा सुरू झाला आहे. तिथे तर कंपन्यांचे खरेदी अधिकारीच भेटतात.

अशा ठिकाणी भेटलेल्या आणि पुढे गिऱ्हाईक होऊ शकेल अशा माणसाला कंपन्यांच्या भाषेत 'लीड' म्हणतात. त्याचं नाव-नंबर टिपणं हे पहिलं काम. तो खरंच घेणार आहे का, किती घेणार, कधी घेणार, हे पारखणं हे दुसरं काम. आपल्याकडे पहिलं काम जोरात होतं आणि दुसरं होतच नाही.

शिक्षकाच्या भाषेत सांगायचं तर आपण हजेरीपट भरतो आणि त्यालाच निकाल समजतो. संत्रेवाल्यांच्या भाषेत सांगणं आणखी सोपं. बाग तोडली की सगळा माल एकाच ढिगात मंडीत नेत नाही. मोठं फळ वेगळं, मध्यम वेगळं, बारीक वेगळं. प्रतवारी केली की भाव मिळतो. नावांचंही तसंच आहे. आणि बागाइतदाराला हेही ठाऊक असतं की बाग पाहायला दहा व्यापारी येतात, इसार देणारा एक असतो. इसार म्हणजे उर्दूत ज्याला आपण बयाना म्हणतो तो. ते दहा जण वाईट नसतात. फक्त कोण पाहायला आलाय आणि कोण घ्यायला, हे वेळेत कळलं पाहिजे.

इथे आमचीही एक चूक कबूल करतो. आम्ही शाळेची सहल प्रदर्शनाला नेली होती. मुलांनी प्रत्येक लकी ड्रॉच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि त्यावर वडिलांचे नंबर लिहिले. पुढे कित्येक दिवस पालकांना ट्रॅक्टरचे फोन येत होते. एक पालक तर ऑटो चालवतात. ते म्हणाले, "सर, कंपनीवाला रोज विचारतो, किती एकर जमीन आहे?" लकी ड्रॉने डबा भरतो. त्याने गल्ला भरत नाही.

काय विचारायचं?

मोठ्या कंपन्यांत यासाठी चार प्रश्नांची एक जुनी पद्धत आहे. आयबीएम कंपनीच्या विक्रेत्यांत ती रूढ झाली असं सांगतात. गरज आहे का, पैशाची सोय आहे का, निर्णय कोणाच्या हातात आहे आणि घेणार कधी, हे ते चार प्रश्न. पण असे प्रश्न तोंडावर फेकले तर आपल्याकडचा माणूस बिचकतो. "तुमचं बजेट किती?" असं विचारलं की शेतकरी "पाहू ना" म्हणून पुढच्या स्टॉलवर जातो. प्रश्न गप्पांमध्ये यायला हवेत.

कलमांचंच उदाहरण घेऊ.

"लागवड नवी करायची का जुन्या बागेत नांग्या भरायच्या?" या एका प्रश्नातून गरज कळते आणि आकडाही कळतो. सहा बाय सहा मीटरवर लावलं तर एकरी सुमारे ११० झाडं बसतात. पाच एकरवाल्याला साडेपाचशे कलमं लागतील. नांग्या भरणाऱ्याला वीस-पंचवीस.

"पाण्याचं कसं आहे? जमीन कशी आहे?" वरूड-मोर्शीत भूजलाची काय हालत आहे हे वेगळं सांगायला नको. बोअर आटलेली असेल, तर तो माणूस मनाने तयार असूनही यंदा लागवड करणार नाही. जमीन पाणी धरून ठेवणारी असेल तर संत्र्याला मूळकूज आणि डिंक्या लागतो. अशा माणसाला "भाऊ, या जमिनीत घाई करू नका, आधी माती तपासा" म्हणणारा विक्रेता त्या दिवशीचं गिऱ्हाईक गमावतो, पण त्याचं नाव गावभर होतं.

"अनुदानातून करता का स्वतःच्या पैशातून?" पैशाचा प्रश्न इतक्या अदबीनेही विचारता येतो. अनुदानवाल्याला मान्यताप्राप्त रोपवाटिकेचं बिल लागतं आणि मंजुरीला वेळ लागतो. म्हणजे त्याची तारीख वेगळी, कागद वेगळे.

"घरी कोणाशी बोलावं लागेल?" स्टॉलवर तरुण मुलगा उभा असतो, निर्णय त्याच्या वडिलांचा असतो. कधी मोठ्या भावाचा, कधी आईचा. "तुम्ही मालक आहात का?" असं विचारलं तर समोरचा दुखावतो. कंपनीच्या माणसालाही हेच लागू. त्याच्या कार्डावर मोठा हुद्दा असतो, पण खरेदीची सही दुसऱ्याची असते. "माल पसंत पडला तर पुढे कोणाला भेटू?" एवढं विचारलं की काम होतं.

संत्र्याचा व्यापारी असाल आणि समोर कंपनीचा खरेदी अधिकारी असेल, तर प्रश्न बदलतील. कोणत्या आकाराचं फळ हवं? आंबियाचं का मृगाचं? आठवड्याला किती टन? कॅरेटमध्ये का खोक्यात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे किती दिवसांत? उधारीच्या मुदतीचा प्रश्न लाजून विचारला नाही म्हणून बुडालेले व्यापारी प्रत्येक मंडीत सापडतील.

लिहायचं कसं, निवडायचं कसं?

साधी वही चालते. मोबाईलवर क्यूआर कोडचा फॉर्म ठेवला तरी चालतो. पण फॉर्म माणसाच्या हाती देऊन आपण मोकळे झालो तर पुन्हा ४१२ नावंच जमतील. नावासमोर तुम्ही स्वतः एक ओळ लिहा: "पाच एकर, बोअर चालू, जुलैत लागवड, वडिलांशी बोलायचं." माणूस स्टॉलवरून हलला की लगेच लिहा. संध्याकाळी आठवून लिहू म्हटलं तर सगळे चेहरे एकमेकांत मिसळतात.

मग रोज रात्री, झोपण्याआधी, तीन प्रती पाडा. पहिली, याच हंगामात घेणार. दुसरी, घेणार पण यंदा नक्की नाही. तिसरी, फक्त पाहायला आलेले. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये रंगीत लेबलं लावायची सोय आहे, ती वापरा. स्टॉलवर दोघं असावेत. एकाने गर्दी सांभाळायची, दुसऱ्याने ज्याला खरंच घ्यायचं आहे त्याला खुर्ची आणि चहा देऊन बोलायचं. आमच्या विद्यार्थ्याच्या स्टॉलवर दोघंही भाऊ पिशव्या वाटण्यात गुंतले होते.

फोन कधी करायचा?

पहिल्या प्रतीच्या माणसाला दोन-तीन दिवसांत फोन झालाच पाहिजे. तोवर त्याला तुमचा चेहरा आठवतो.

पण आपल्या धंद्यात एक मोठी अडचण आहे. प्रदर्शनं हिवाळ्यात भरतात आणि कलमं लागतात पावसाळ्यात. मधे सहा महिने जातात. एवढ्या दिवसांत माणूस विसरतो, किंवा शेजाऱ्याने सांगितलेल्या रोपवाटिकेत जातो. म्हणून वहीत पुढच्या फोनच्या तारखा आधीच लिहून ठेवाव्यात. जानेवारीत एक फोन. मार्च-एप्रिलमध्ये कलमांचा फोटो, जंबेरीच्या खुंटावर आहेत का रंगपूरच्या, हे सांगून. मे महिन्यात "येऊन पाहून जा" असं निमंत्रण आणि जमलं तर इसार. रोज 'गुड मॉर्निंग' पाठवणं म्हणजे संपर्क ठेवणं नव्हे. त्याने लोक नंबर ब्लॉक करतात.

नंबर ही अमानत आहे

माणूस विश्वासाने नंबर देतो तो कलमांसाठी. तोच नंबर उद्या विमावाल्याला किंवा प्लॉटवाल्याला दिला तर ती खयानत झाली. आता कायदाही हेच सांगतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरायची. माणसाने संमती मागे घेतली तर थांबायचं. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. माहिती वहीत लिहून नंतर मोबाईलमध्ये भरली, तरी ती या कायद्याखाली येते. सहलीच्या पोरांकडून नंबर गोळा करणाऱ्यांनी आणि पोरांना तिथे नेणाऱ्या आम्ही शिक्षकांनीही हे ध्यानात ठेवावं.

एकाच गिऱ्हाइकावर किती दिवस?

हे सगळं एवढ्या कळकळीने सांगण्याचं कारण आपल्या वरूडच्या डोळ्यांसमोर आहे. आपल्या संत्र्याचं मोठं परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. २०१९ मध्ये किलोमागे २० रुपयांच्या घरात असलेलं तिथलं आयात शुल्क वाढत वाढत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेलं. माल इथेच अडला, भाव पडला, आणि त्याची झळ बागाइतदारापासून कॅरेट उचलणाऱ्या मजुरापर्यंत सगळ्यांना बसली. नागपुरी संत्र्याला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, चवीला तोड नाही. पण दुसरा दरवाजा ठोठवायचा तर तो कोणाचा, हे कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. अशी वही संकटाच्या दिवशी तयार होत नाही. ती आधीच्या चार-पाच वर्षांत, एकेका भेटीतून भरावी लागते.

आमच्या विद्यार्थ्याने पुढच्या हिवाळ्यात पुन्हा स्टॉल लावला. घरचे नको म्हणत होते. या वेळी पिशव्या नव्हत्या, लकी ड्रॉ नव्हता. एक टेबल, तीन खुर्च्या, एक वही. तीन दिवसांत फक्त ९० नावं आली. त्यातली १७ त्याने पहिल्या प्रतीत टाकली. मे संपेपर्यंत सात जणांनी इसार दिला. स्टॉलचा खर्च निघाला, थोडं वर उरलं, आणि बहिणीच्या लग्नाचे पैसे जागेवर आले.

आणि तो आठशे कलमांवाला शेतकरी? त्याचं नाव आता दुसऱ्या प्रतीत आहे. त्याच्या भावाचीही जमीन आहे, दोन वर्षांनी लावणार म्हणतो. समोर फोनची तारीख लिहिलेली आहे. आम्ही मुलाला एवढंच सांगितलं की या वेळी ती तारीख चुकवू नकोस.