दरवर्षी सगळेच नवखे

कॉलेजचा फुटबॉल सीझन सुरू झाला की नागपुरात मैदानाच्या कडेला एकच चर्चा असते: या वर्षी नवीन पोरगा कोण आलाय? दोन मॅच झाल्या नाहीत तोच नाव ठरतं. (आणि चौथ्या मॅचला तोच पोरगा गायब होतो, तो भाग वेगळा!)

पण सगळेच्या सगळे नवखे असलेली स्पर्धा माहीत आहे का? होमलेस वर्ल्ड कप. इथे खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं, त्यामुळे मागच्या वर्षीचा हिरो यंदा मैदानात नसतो. एका बाजूला चारच खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन हाफ. स्थिरावायला वेळच नाही, पहिल्या मिनिटापासून चमकावं लागतं.

या स्पर्धेत भारताची टीम जाते ती आपल्या नागपूरच्या ‘स्लम सॉकर’मुळे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहिली आणि 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. अखिलेश पॉल हा त्यातलाच, 2010 ला रिओत भारताचा कॅप्टन.

बारसेंच्याच गोष्टीवर बेतलेल्या ‘झुंड’ सिनेमातही नागराज मंजुळेंनी नागपूरची नवखीच पोरं घेतली. त्यातल्या अंकुश गेडामला पदार्पणाचं फिल्मफेअर मिळालं. समोर अमिताभ बच्चन असताना, बरं का!

तुमच्या कॉलेजचा यंदाचा नवीन पोरगा कोण? कमेंटमध्ये सांगा.