मालवण : बंदर, किल्ला आणि किनारा

मालवण हे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील अरबी समुद्राकाठचे शहर, जुने बंदर व तालुक्याचे ठिकाण आहे. ‘महा’ व ‘लवण’ या शब्दांवरून, म्हणजे मिठाच्या विपुलतेवरून, हे नाव पडले अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. शहरासमोरील कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी बांधलेला सिंधुदुर्ग किल्ला आहे. अलीकडच्या काळात स्नॉर्केलिंग, स्कूबा डायव्हिंग आणि नौकाविहार यांसाठीही मालवण प्रसिद्ध झाले आहे. वरवर वेगळ्या वाटणाऱ्या या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे : किनाऱ्यालगत पाण्याखाली दडलेले खडक.

इतिहास

मालवणचा किनारा उथळ व खडकाळ आहे. पाण्याखालच्या खडकांमधून जाणाऱ्या वाटा स्थानिक नावाड्यांनाच ठाऊक असल्याने मोठ्या परकीय जहाजांना येथे सहजासहजी शिरता येत नसे. जंजिऱ्याचे सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि इंग्रज व डच वखारवाले यांच्यावर वचक ठेवणारे आरमारी ठाणे शिवाजी महाराजांना हवे होते, व त्यासाठी ही जागा सर्वथा योग्य होती. १६६४ साली किनाऱ्यावरील ‘मोरयाचा धोंडा’ या खडकाजवळ पूजन करून बांधकामास आरंभ झाला आणि १६६७ साली ते पूर्ण झाले. पायाच्या दगडांत शिसे ओतल्याचे सांगितले जाते.

१७६५ साली इंग्रजांनी किल्ला जिंकून त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, परंतु पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरकरांस परत केला. १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांकडे गेले. किनाऱ्यावरील राजकोट येथे डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. त्या जागी उभारलेल्या नव्या पुतळ्याचे अनावरण मे २०२५ मध्ये झाले.

सिंधुदुर्ग किल्ला

मालवणच्या धक्क्यावरून होडीने अल्पावधीत किल्ल्यावर पोहोचता येते. महादरवाजा बुरुजांच्या आड असा दडवलेला आहे की तट अगदी जवळ येईपर्यंत तो नजरेस पडत नाही. नागमोडी तटाची लांबी सुमारे ३ किलोमीटर आहे. आत राजाराम महाराजांच्या काळातील शिवराजेश्वर मंदिर असून तेथील शिवाजी महाराजांच्या मूर्तीच्या मस्तकी नावाड्यासारखी टोपी आहे. महाराजांच्या हातापायांचे म्हणून दाखवले जाणारे चुन्यातील ठसेही येथे आहेत. चहूकडे खारे पाणी असताना दूधबाव, साखरबाव व दहीबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. शालेय सहली बहुधा तासाभरात किल्ला उरकतात. तट पुरता फिरायचा तर अर्धा दिवस हाताशी ठेवावा.

शेजारचा पद्मगड आकाराने लहान आहे. तेथे जहाजबांधणी व दुरुस्ती होत असे. सुकतीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या वाळूच्या दांड्यावरून तेथे चालत जाता येते. मात्र भरती केव्हा लागणार हे स्थानिकांस विचारल्याखेरीज जाऊ नये.

पाण्याखालची भ्रमंती

ज्या खडकांनी शत्रूची जहाजे दूर ठेवली, त्यांच्यावरच प्रवाळ वाढले आहे आणि त्याच्या आश्रयाने पोपटमासे, फुलपाखरूमासे, समुद्री काकड्या व खेकडे नांदतात. अंदमान किंवा लक्षद्वीपसारखी विस्तीर्ण प्रवाळभित्ती येथे नाही. खडकांवर विखुरलेले प्रवाळ पाहण्याच्या अपेक्षेने गेल्यास निराशा होत नाही. पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षकासोबत उथळ पाण्यात थोडा वेळ उतरता येते. पद्धतशीर शिक्षण घ्यावयाचे असल्यास तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे.

प्रवाळ हा सजीव आहे. त्यावर पाय ठेवल्याने किंवा नांगर टाकल्याने तो मोडतो आणि पुन्हा वाढण्यास वर्षानुवर्षे लागतात. वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तो तोडणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. छायाचित्रात मासे भोवती जमावेत म्हणून पाण्यात पावाचे तुकडे टाकण्याची रीतही घातकच आहे : मासे नैसर्गिक अन्न सोडून त्याकडे वळतात. पर्यटकाने नको म्हटले तर मार्गदर्शक आग्रह धरत नाहीत.

तारकर्ली, देवबाग व चिवला

शहराच्या दक्षिणेस तारकर्ली आणि त्यापुढे देवबाग ही गावे आहेत. देवबाग म्हणजे एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदी यांच्यामधील माडांची चिंचोळी पट्टी. संगमाजवळ सकाळी डॉल्फिन दिसण्याचा संभव असतो, मात्र तेथील प्रवाह पोहण्यास धोक्याचे आहेत. शहरालगतचा चिवला किनारा तुलनेने शांत असून तेथे हिवाळ्यात सागरी जलतरण स्पर्धा भरते.

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. होडीत बसण्यापूर्वी जीवरक्षक जाकीट अंगावर घट्ट बांधावे, आणि होडी प्रमाणाबाहेर भरली असल्यास पुढच्या होडीची वाट पाहावी.

अभयारण्य व मासेमारी

१९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याच्या गाभाक्षेत्रात सिंधुदुर्ग व पद्मगड येतात. उपजीविकेवर निर्बंध येतील या भीतीने मच्छीमारांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला. त्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही, कारण येथील गाबीत समाजाचे जीवन याच पाण्यावर उभे आहे. किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढावयाची ‘रापण’ ही त्यांची पारंपरिक पद्धत असून मिळालेल्या मासळीची वाटणी ठरलेल्या हिश्शांनुसार होते. पर्ससीन जाळ्यांनी होणाऱ्या यांत्रिक मासेमारीशी रापणकरांचा संघर्ष जुना आहे. आज अनेक मच्छीमार कुटुंबे होड्या, निवासव्यवस्था व डायव्हिंग यांतून उत्पन्न मिळवतात. पाहुण्यांना खडकांमधून नेणारे नावाडी बहुधा याच कुटुंबांतले असतात.

भेटीचा काळ

पावसाळ्यात, साधारणतः जून ते ऑगस्ट, जलक्रीडा व किल्ल्याची होडीवाहतूक बंद असते. नारळी पौर्णिमेस बंदरावर समुद्राला नारळ अर्पण केला जातो व नारळ लढवण्याचा खेळ रंगतो. त्यानंतरही काही आठवडे पाणी गढूळ राहते. समुद्रतळ पाहावयाचा असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. कोकण रेल्वेवरील कुडाळ, सिंधुदुर्गनगरी व कणकवली ही सोयीची स्थानके आहेत. चिपी येथील विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. मासळीच्या जेवणासोबत सोलकढी सर्वत्र मिळते, आणि परतताना गुळातले मालवणी खाजे बांधून घेण्याची पद्धत आहे.