हवा आणि आरोग्य – लेखांक ६ : माहुलची धाप

दम लागणे, धाप लागणे, छाती भरून येणे, श्वास पुरा न पडणे अशा वेगवेगळ्या शब्दांत रुग्ण जी तक्रार सांगतात, तिला वैद्यकशास्त्रात श्वासकष्ट असे एकच नाव आहे. आणि ही तक्रार महिना-दोन महिन्यांहून अधिक काळ टिकली, तर ती दीर्घकालीन समजली जाते. अशा रुग्णांपैकी बहुतेकांच्या बाबतीत दमा, क्षयाने मागे ठेवलेले व्रण, हृदयाची दुर्बलता किंवा रक्तक्षय यांपैकी एखादे कारण यथावकाश हाती लागते. परंतु काहींचा एक्स-रे स्वच्छ असतो, हृदयाचा आलेख निर्दोष असतो, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ दाखवतो आणि तरीही एक मजला चढताना त्यांना कठड्याला धरून उभे राहावे लागते. या लेखांकाचा विषय हा दुसरा गट आहे. आणि मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील माहुल या एकाच गावात त्याचे जवळजवळ सर्व पैलू एकत्र आढळतात, म्हणून विवेचन त्या गावाच्या आधारे केले आहे.

प्रथम या संवेदनेचे शरीरशास्त्र पाहणे आवश्यक आहे. श्वासोच्छ्वासाची आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रातून निघते, छातीचे स्नायू ती पार पाडतात, आणि फुप्फुसे, श्वासनलिका, स्नायू व रक्तवाहिन्यांतील संवेदनाग्रे झालेल्या कामाची वार्ता मेंदूकडे परत पाठवतात. आज्ञा जितक्या हवेची होती तितकी हवा आत आली नाही, किंवा ती आणण्यासाठी नेहमीपेक्षा अधिक बळ लागले, की धाप जाणवते. म्हणूनच रक्तातील प्राणवायूचे प्रमाण आणि धाप या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. आकडा उत्तम असतानाही आकसलेल्या नळ्यांतून हवा ओढण्याचे श्रम माणसाला हैराण करू शकतात. आकडा पाहून ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे रुग्णाला सांगणे शास्त्राला धरून नाही, आणि त्याने रुग्णाचे नुकसानही होते, कारण त्यानंतर तो तक्रार सांगणेच बंद करतो.

माहुल हे मूळचे कोळ्यांचे गाव. समोर खाडी, तिवरांची झाडे, आणि हिवाळ्यात जिथे रोहित पक्षी उतरतात ती शिवडीपर्यंत पसरलेली चिखलाची मैदाने. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात या गावाभोवतीची भूमी देशाच्या तेलउद्योगाला दिली गेली. १९५४ व १९५५ या लागोपाठच्या वर्षांत येथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, जे राष्ट्रीयीकरणानंतर हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम यांच्या नावाने ओळखले जातात. त्यांच्या पाठोपाठ ट्रॉम्बेचे औष्णिक वीजकेंद्र आणि खतकारखाना आला, आणि पुढे रसायने व इंधने साठवणाऱ्या टाक्यांची आगरे उभी राहिली. अशा ठिकाणी प्रकल्पबाधितांसाठी सात मजली ७२ इमारतींची वसाहत बांधण्यात आली, ज्यातील प्रत्येक घर २२५ चौरस फुटांचे आहे. तानसा जलवाहिनीलगतची घरे हटवल्यानंतर २०१७ पासून विद्याविहार, घाटकोपर आदी भागांतील कुटुंबे मोठ्या संख्येने येथे आणली गेली. म्हणजे ज्या हवेबद्दल जुने ग्रामस्थ आधीपासून तक्रार करीत होते, त्याच हवेत सहस्रावधी नवी माणसे राहायला आली.

ग्रामस्थांच्या तक्रारीला वैद्यकीय नोंदीचा आधार होता. केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत माहुल-आंबापाडा परिसरातील ६७.१ टक्के रहिवाशांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा दम लागत असल्याचे सांगितले, ८४.५ टक्के लोकांनी छातीत कोंडल्यासारखे होत असल्याचे, तर ८६.६ टक्के लोकांनी डोळे चुरचुरत असल्याचे सांगितले. हे आकडे लोकांनी सांगितलेल्या तक्रारींचे आहेत, निदान झालेल्या रोगांचे नव्हेत, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. तथापि डोळे, घसा आणि छाती यांची एकाच वस्तीत इतक्या मोठ्या प्रमाणावर एकत्र तक्रार आढळणे हे चेतवणाऱ्या वायूंच्या संपर्काकडे बोट दाखवते. केईएमला या विषयाची परंपराही आहे. डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लालबाग, चेंबूर, खार अशा निरनिराळ्या वस्त्यांतील हवा आणि तेथील लोकांची फुप्फुसे यांची तुलना करणारा अभ्यास सुरू केला होता, तेव्हा या देशात हवेचे प्रदूषण हा विषय वैद्यकीय चर्चेत फारसा नव्हता.

माहुलच्या हवेतील वादाचा मुख्य घटक म्हणजे बाष्पनशील सेंद्रिय संयुगे, म्हणजेच साध्या तापमानाला सहज वाफ होऊन हवेत मिसळणारी कार्बनयुक्त रसायने. बेंझीन, टोल्युइन, झायलीन, स्टायरीन ही त्यांतील परिचित नावे. ती चिमणीतूनच बाहेर पडतात असे नाही. अर्धवट भरलेल्या टाकीत द्रवाच्या वर वाफ साठलेली असते. दुपारच्या उन्हाने ती प्रसरण पावते आणि झडपेतून बाहेर जाते, तसेच टाकी किंवा टँकर भरताना वर चढणारा द्रव आतल्या वाफेला बाहेर ढकलतो. ती वाफ पकडून पुन्हा द्रवात आणणारी यंत्रणा नसेल किंवा अपुरी असेल, तर प्रत्येक भरणीच्या वेळी शेजारच्या वस्तीत वासाचा लोट येतो, ज्याला रहिवासी ‘गॅस सोडला’ असे म्हणतात. हा लोट कधी पंधरा मिनिटे टिकतो, कधी रात्रभर रेंगाळतो. वारा खाडीकडे वळला की तो नाहीसाही होतो.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. वृत्तपत्रांत रोज छापला जाणारा हवेचा निर्देशांक भारतात आठ प्रदूषकांवरून काढला जातो : दोन प्रकारचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. बेंझीनसाठी २००९ च्या राष्ट्रीय मानकांत वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आहे, परंतु निर्देशांकाच्या गणितात बेंझीन नाही, टोल्युइन नाही, झायलीनही नाही. परिणामी माहुलमधील एखाद्या रहिवाशाचा घसा खवखवत असताना आणि छाती आवळली जात असताना त्या दिवसाचा निर्देशांक ‘समाधानकारक’ असणे पूर्णपणे शक्य आहे. निर्देशांक त्या वेळी खोटे सांगत नसतो; त्याला तो प्रश्न विचारलेलाच नसतो.

केईएमच्या पाहणीत ज्या रसायनाचा विशेष उल्लेख झाला, ते टोल्युइन डायआयसोसायनेट होय. फोम आणि रंगलेप बनवण्यासाठी वापरले जाणारे हे रसायन कामगारांमधील दम्याचे जगभर ओळखले गेलेले कारण आहे, आणि त्याचा एक गुणधर्म समजून घेण्याजोगा आहे : वारंवारच्या संपर्काने काही व्यक्तींचे शरीर त्याच्याबाबत संवेदनशील बनते, आणि एकदा तसे झाले की इतरांना जाणवणारही नाही एवढ्या अल्प मात्रेनेही त्यांच्या श्वासनलिका आकसतात. एकाच खोलीतील दोन भावंडांपैकी एकाला धाप लागते आणि दुसऱ्याला लागत नाही, याचे हे एक संभाव्य उत्तर आहे. भोपाळमध्ये १९८४ साली गळती झालेला मिथाइल आयसोसायनेट याच कुळातील. तेथून मुंबईत आलेल्या गॅसबाधितांची तपासणीही केईएममध्ये झाली आणि तिचे निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्रेचा विचार करता भोपाळ आणि माहुल यांची तुलना होऊ शकत नाही. दोन्हीकडे समान आहे ती एवढीच बाब की, लोट ओसरल्यानंतरही श्वासनलिकांची चिडखोर वृत्ती मागे राहू शकते.

मग तपासणीत काही का सापडत नाही? फुप्फुसांची मुख्य चाचणी म्हणजे स्पायरोमेट्री. तीत रुग्ण पूर्ण श्वास घेऊन नळीत जोराने फुंकतो, आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली व एकूण किती पडली यांचे गुणोत्तर यंत्र काढते. ही चाचणी उपयुक्त आहे, पण ती त्या क्षणापुरती असते. माहुलच्या रुग्णाला रात्री अकराला त्रास होतो, तो सकाळी बस बदलत शीव किंवा परळच्या रुग्णालयात पोहोचतो, रांगेत तीन तास स्वच्छतर हवेत बसतो, आणि दुपारी फुंकतो तेव्हा नळ्या मोकळ्या झालेल्या असतात. शिवाय दोन मिलिमीटरहून बारीक श्वासनलिकांतील बिघाड बराच वाढेपर्यंत या चाचणीत उमटत नाही. अशा वेळी पीक फ्लो मीटर हे प्लास्टिकचे स्वस्त उपकरण अधिक बोलके ठरते. उभे राहून, काटा शून्यावर आणून, तीनदा फुंकायचे आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. तोही सकाळी, संध्याकाळी आणि वास येईल त्या वेळी, शेजारी वेळ व वाऱ्याची दिशा टिपून, निदान दोन आठवडे. सकाळी ३८० आणि वासाच्या रात्री २९० असे आकडे पुन्हा पुन्हा दिसू लागले, तर ज्या रोगाला कारण नाही असे म्हटले जात होते त्याचे कारण त्या वहीतच लिहिलेले असते.

याच्या उलट दिशेची चूकही तितकीच घातक आहे, आणि ती सहानुभूतीपोटी होते म्हणून लवकर लक्षात येत नाही. हवा वाईट आहे हे एकदा ठरले की प्रत्येक धाप हवेच्या खाती टाकली जाते, आणि उपचाराने बरा होणारा रोग मागे राहतो. माहुलच्या शेजारच्या दाट वस्त्यांत क्षयाचे प्रमाण मोठे आहे आणि बऱ्या झालेल्या क्षयानेही फुप्फुसे आकसलेली राहू शकतात. स्त्रियांमध्ये रक्तक्षय सर्रास आढळतो, ज्यात प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिनच कमी पडते. झडपेच्या विकारात किंवा दुर्बल हृदयात आडवे पडल्यावर दम वाढतो. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल ही तर घरातलीच चिमणी म्हणावी लागेल. दीर्घकाळ दम लागलेल्या माणसाची श्वास घेण्याची पद्धतही बिघडते, तो छातीच्या वरच्या भागाने उथळ व भरभर श्वास घेऊ लागतो, आणि भीतीने ती गती आणखी वाढते. ही भीती रोगाचा भाग आहे. तिच्यावरून रुग्णाला ढोंगी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणून हिमोग्लोबिन, थुंकीची तपासणी, छातीचा एक्स-रे, हृदयाचा आलेख आणि गरज पडल्यास इको या साध्या तपासण्या आधी झाल्याच पाहिजेत.

आराम मिळण्यासाठी मात्र कारणाची अंतिम सिद्धता होईपर्यंत थांबावे लागत नाही, आणि या लेखांकातील सर्वांत महत्त्वाचे प्रतिपादन हेच आहे. नळ्या आकसत असल्याचा पुरावा मिळाला तर तोंडाने ओढायचे औषध, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘पंप’, हा पहिला उपाय ठरतो. त्याची सवय लागते हा समज निराधार असून, त्यातील औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्यामुळे गोळीच्या तुलनेत शरीरावर फार कमी भार टाकते. पंप वाया जातो तो चुकीच्या पद्धतीमुळे : आधी श्वास पूर्ण सोडावा, पंप दाबताच सावकाश ओढावे, दहा अंक मोजेपर्यंत रोखावे, आणि शक्यतो स्पेसर म्हणजे मधले पोकळ भांडे वापरावे, स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरावी. धाप लागली असता पुढे वाकून हात गुडघ्यांवर टेकून बसल्याने आणि शीळ घालताना करतात तसे ओठ आवळून सावकाश उच्छ्वास सोडल्याने अडकलेली हवा बाहेर पडण्यास मदत होते. चेहऱ्यावर गार वारा घेतल्याने धाप कमी जाणवते, कारण गालावरील चेतातंतू मेंदूला हवा मिळत असल्याचा संदेश देतात. हातपंख्याचा हा उपयोग आता उपचारपद्धतींतही मान्य झाला आहे. देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, ज्याला फुप्फुस-पुनर्वसन म्हणतात, तो दीर्घकालीन रुग्णांना औषधाइतकाच लाभतो. ओठ निळे पडणे, वाक्य पूर्ण बोलता न येणे, छातीत दुखणे किंवा एकाच पायाला सूज येऊन अचानक दम लागणे ही मात्र तत्काळ रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत.

न्यायालयांपुढेही हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला होता, कारण अमुक एका माणसाची धाप तमुक टाकीतून आलेल्या वाफेने झाली हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. माहुलच्या ग्रामस्थांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये, तेथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले; त्याने वस्तीच्या आरोग्याचा विचार केला, एकेका रुग्णाची सिद्धता मागितली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये याच प्रकरणात दोन तेलकंपन्या आणि साठवण करणाऱ्या दोन कंपन्या यांच्यावर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई बसवण्यात आली. वसाहतीतील प्रकल्पबाधितांनी ऑक्टोबर २०१८ पासून विद्याविहारच्या जलवाहिनीलगत दीर्घकाळ ठाण मांडले. आणि २३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, कोणालाही माहुलला जाण्याची सक्ती करू नये आणि बाधित कुटुंबांना दरमहा १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत द्यावी असा निर्णय दिला. एका अर्थी हा वैद्यकीय उपचारच होता, कारण चेतवणाऱ्या वायूमुळे होणाऱ्या दम्यात त्या वायूपासून दूर जाणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय समजला जातो.

गावठाणातील कोळी कुटुंबांना हा उपाय लागू पडत नाही, कारण त्यांची होडी, जाळी आणि खाडीवरील हक्क माहुललाच बांधलेले आहेत. त्यांच्यासाठी बाष्पनशील संयुगांचे अखंड मापन करून ते आकडे गावातच मराठीत फलकावर लावले जाणे, टाक्यांवरील वाफ-पुनर्प्राप्ती यंत्रणेची वेळोवेळी तपासणी होणे आणि गावातच स्पायरोमेट्रीची व पीक फ्लोच्या वह्या तपासण्याची सोय असणे या तीन गोष्टी निकडीच्या आहेत. फलकावरील आकडे आणि वहीतील आकडे एकमेकांशेजारी ठेवले गेले, तर डॉक्टरला निदान करता येईल आणि नियामक मंडळाला लोटाची वेळ व दिशा कळेल. अशा वह्या कशा ठेवाव्यात आणि त्यांतील चढउतार कसे वाचावेत, याचे तपशीलवार विवेचन पुढील लेखांकात येईल.

(क्रमशः)