समुद्रावरील वाऱ्याचा वेग आणि संक्षोभ

माकणी येथील निम्न तेरणा जलाशयाच्या काठी उभे राहिले असता, वारा वाढू लागताच पाण्याचा सपाट पृष्ठभाग मोडून प्रथम तरंग व मागाहून लाटा उठतात, हे सहज दिसून येते. शेजारच्या रानाचा खडबडीतपणा मात्र वाऱ्याबरोबर फारसा बदलत नाही. समुद्रावरील वाऱ्याच्या संक्षोभाचे मर्म या साध्या भेदात आहे.

दहा मिनिटांच्या नोंदींतील वेगाचे प्रमाण विचलन व सरासरी वेग यांच्या गुणोत्तरास संक्षोभ-तीव्रता म्हणतात. उष्णतेमुळे हवेच्या उभ्या हालचालींस साहाय्यही होत नाही व अटकावही होत नाही, अशा उदासीन वातावरणात ही तीव्रता केवळ उंची व पृष्ठभागाचा खडबडीतपणा यांवर अवलंबून असते. मोकळ्या जमिनीची रूक्षता-लांबी ०·०३ मीटर धरल्यास १०० मीटर उंचीवर ती सुमारे १२ टक्के येते. वेग बदलला तरी हा आकडा तोच राहतो.

समुद्राचे तसे नाही. चार्नॉक यांनी १९५५ साली मांडलेल्या संबंधानुसार पाण्याची रूक्षता-लांबी घर्षणवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. या सूत्रातील स्थिरांक ०·०११ घेऊन गणित केले असता, १० मीटर उंचीवरील वेग सेकंदास १० मीटर असताना १०० मीटर उंचीवरील तीव्रता सुमारे ७·४ टक्के, तर वेग २० मीटर असताना सुमारे ८·५ टक्के येते. सारांश, वारा आपला खडबडीतपणा आपणच निर्माण करतो.

मंद वाऱ्यात कारण निराळे असते. पाणी हवेहून उष्ण असल्यास संनयनामुळे होणारी खळबळ वाऱ्याच्या वेगावर फारशी अवलंबून नसते. त्यामुळे भाजक लहान होताच गुणोत्तर झपाट्याने वाढते. म्हणून आलेख प्रथम वेगाने उतरतो, तळ गाठतो आणि मग सावकाश चढतो. उत्तर समुद्रात बोर्कुम बेटाजवळ असलेल्या फिनो-१ या मापनमंचावरील नोंदींत हा तळ सेकंदास सुमारे १२ मीटर वेगापाशी आढळला.

पवनचक्कीच्या रचनेत या आकाराला महत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाच्या ६१४००-१ या मानकातील सामान्य सूत्रानुसार तीव्रता वेगाबरोबर सतत घटत जाते. लाटांमुळे होणारी वाढ त्यात दिसत नाही. समुद्री पवनचक्क्यांसाठीच्या वेगळ्या मानकात म्हणूनच चार्नॉक यांच्या संबंधाचा आधार घेतलेला आहे. संक्षोभ अधिक असल्यास पात्यांना थकवा येतो. तो अल्प असल्यास पुढील चक्कीमागे मंदावलेला वारा लवकर सावरत नाही व मागील रांगेचे उत्पादन घटते. भारताचे समुद्री पवनऊर्जा धोरण २०१५ साली जाहीर झाले, व खंबातच्या आखातात पिपावावजवळ २०१७ साली लायडार यंत्र बसविण्यात आले. पश्चिम किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमात जोरदार वारे व उंच लाटा एकाच वेळी येत असल्याने आलेखाची चढती बाजू आपणांस दुर्लक्षून चालणार नाही.

मग माकणीच्या जलाशयावर मापन करून समुद्राचा अंदाज बांधता येईल काय? येथे पाण्यावरील वाऱ्याची धाव थोड्या किलोमीटरांचीच असल्याने लाटा अपरिपक्व राहतात, आणि १०० मीटर उंचीवरील वारा बहुतांशी मागील जमिनीचाच संक्षोभ वाहून आणतो. जलाशय तत्त्व दाखवितो. आकडे मात्र समुद्रावरच मोजावे लागतात.